पिवळ्या गाठींची मुलं

"काका, वय चुकलंय का? इथं नऊ लिहिलंय."

लॅबच्या काउंटरवरच्या पोरानं चिठ्ठी माझ्याकडे परत सरकवली. चिठ्ठीवर लिपिड प्रोफाईल लिहिलं होतं आणि वय बरोबर होतं. माझा भाचा माझ्या मागेच उभा होता, शाळेच्या गणवेशात, उपाशीपोटी आणि म्हणून वैतागलेला. "लहान मुलांचं कोलेस्टेरॉल कोण बघतं?" असं पुटपुटत त्यानं संगणकात नाव भरलं. मला त्याचा राग आला नाही. चार महिन्यांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं.

चार महिन्यांपूर्वी आमचे दुल्हेभाई गेले. वय ३६. पहाटे छातीत कळ आली आणि रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. विडी-सिगारेट नाही, तंबाखू नाही, पोट सुटलेलं नाही. रविवारी गल्लीतल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळणारा माणूस. कब्रस्तानातून परतताना लोकांनी आपापली कारणं सांगितली. कामावरचे सहकारी म्हणाले, तुमच्याकडे रोजचं मटण. आमच्यातल्या लोकांनी आवाज जरा खाली आणून दुसरं कारण सांगितलं: घरातल्या घरात लग्न. आपाचं लग्न आमच्या सख्ख्या फुफीच्या मुलाशी झालेलं. पण एखाद्यानं मामाच्या मुलीशी लग्न केलं म्हणून त्याचं स्वतःचं हृदय छत्तिसाव्या वर्षी कसं बंद पडेल, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

वेगळी गोष्ट विचारली ती भेटायला आलेल्या एका वयस्कर डॉक्टरांनी. आपाला म्हणाले, "बेटी, त्याच्या टाचेच्या मागे, जरा वर, टणक गाठ होती का?" आपानं मान वर केली. होती. दोन्ही पायांना होती. बूट घासून झाली असेल असं आम्ही सगळे समजत होतो. डॉक्टर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोराचं रक्त तपासा. तुझंही." आणि माझ्याकडे बघून, "तुमचंही."

टाचेमागच्या गाठीचा हृदयाशी काय संबंध? हे शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की या एका प्रश्नामागे दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासाच्या जवळजवळ प्रत्येक वळणावर एखादं लहान मूल उभं आहे.

कोलेस्टेरॉल हा पदार्थ माणसाला पहिल्यांदा भेटला तो पित्ताशयातल्या खड्यांमध्ये, अठराव्या शतकात. त्याला नाव दिलं मिशेल शेवरल या फ्रेंच रसायनज्ञानं, १८१५च्या सुमारास. ग्रीक भाषेत 'कोले' म्हणजे पित्त आणि 'स्टेरिओस' म्हणजे घट्ट. (हा शेवरल स्वतः १०२ वर्षं जगला. चरबीवर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे शोभूनच दिसतं.) पण तेव्हा या पदार्थाचा हृदयाशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं.

दुसरीकडे डॉक्टरांना कातडीवरच्या पिवळ्या गाठी दिसत होत्या. लंडनमध्ये थॉमस ॲडिसन आणि विल्यम गल यांनी १८५१ साली त्यांचं वर्णन केलं. कोपरावर, गुडघ्यावर, बोटांच्या पेरांवर, टाचेच्या मागच्या जाड दोरीसारख्या स्नायुबंधावर येणाऱ्या या गाठी. पुढे त्यांना 'झँथोमा' म्हणू लागले. ग्रीकमध्ये 'झँथोस' म्हणजे पिवळा. तो कातडीचा आजार समजला गेला आणि कातडीच्या डॉक्टरांच्या वहीत राहिला.

मग १८८९ साली जर्मनीतून एक नोंद आली. लेहझेन आणि क्नाउस या दोघांनी लिहिलेली. अकरा वर्षांची एक मुलगी. तिच्या अंगावर तिसऱ्या वर्षापासून या गाठी होत्या. ती अचानक मेली. शवविच्छेदन केलं तर तोच पिवळा थर हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या आतही सापडला. तिच्या नऊ वर्षांच्या बहिणीलाही तशाच गाठी होत्या. सगळं उत्तर त्या नोंदीत होतं: गाठी, धमनी, अकाली मृत्यू आणि एकाच घरातली दोन मुलं. पण एका नोंदीवरून जग बदलत नाही. ती पानांत दबून राहिली.

जग ज्यामुळे बदललं तो ससा होता. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिचकोव यानं सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या धमन्या माणसाच्या म्हातारपणासारख्या झालेल्या दाखवल्या. प्रयोग भक्कम होता आणि त्याचं महत्त्व आजही मान्य आहे. पण त्याचा एक परिणाम असा झाला की कोलेस्टेरॉल म्हटलं की आधी ताट आठवतं. अंडं, तूप, मटण. ससा मुळात पाल्यावर जगणारा प्राणी, बाहेरून आलेलं कोलेस्टेरॉल निभावून नेण्याची त्याच्या शरीराला सवय नाही. माणसाच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल त्याचं स्वतःचं शरीरच तयार करतं, हा मुद्दा त्या ताटाखाली झाकला गेला. आमच्या दुल्हेभाईंच्या मटणावर बोट ठेवणाऱ्यांना माहीत नसेल, पण ते अनिचकोवच्या सशाचीच साक्ष काढत होते.

घराण्याकडे पहिलं नीट लक्ष दिलं ते नॉर्वेतल्या कार्ल म्युलर यांनी. ऑस्लोतल्या या डॉक्टरांनी १९३८ साली सतरा कुटुंबांची हकीगत मांडली. गाठी, रक्तातलं जास्त कोलेस्टेरॉल आणि छातीतली कळ या तीन गोष्टी एकाच घरात, आई-बापाकडून मुलाकडे येतात, असं त्यांनी दाखवलं. हा तर वारसा होता, शेतजमिनीसारखा. फक्त कागदावर न चढलेला.

आणि मग बैरुत.

आज बैरुत म्हटलं की आपल्याला युद्ध आठवतं, बंदरातला स्फोट आठवतो. पण १९५०-६०च्या दशकात तिथलं अमेरिकन विद्यापीठाचं रुग्णालय म्हणजे सगळ्या पश्चिम आशियाचा दवाखाना होता. तिथे अवेदिस खाचादुरियन नावाचे डॉक्टर होते, वंशानं अर्मेनियन. त्यांच्याकडे अशी मुलं येऊ लागली ज्यांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, बोटांच्या मधे पिवळ्या गाठी होत्या आणि ज्यांचं कोलेस्टेरॉल नेहमीच्या चौपट होतं. विशीच्या आत, काहींना तर दहाव्या वर्षाआधी, हृदयविकार. खाचादुरियन यांनी फक्त मुलांना तपासलं नाही. त्यांनी आई, बाप, भाऊ, बहिणी, चुलते, मावश्या सगळ्यांचं रक्त घेतलं. लेबनॉनमध्ये नात्यातली लग्नं खूप होत आणि घराणी मोठी, म्हणून हे जमलं.

१९६४ साली त्यांनी जे मांडलं ते फार साधं आणि फार मोठं होतं. एकाच घरातल्या माणसांचे आकडे तीन ढिगांत पडत होते. काहींचं कोलेस्टेरॉल सामान्य, काहींचं साधारण दुप्पट, काहींचं चौपट. चौपटवाल्या मुलांचे आईबाप, दोघेही, दुपटीच्या ढिगात. म्हणजे दोष एकाच जनुकात आहे. त्याची एक प्रत मिळाली तर कोलेस्टेरॉल दुप्पट होतं आणि माणूस तिशी-चाळिशीत हृदयाचा रुग्ण होऊ शकतो. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती मिळाल्या तर चौपट होतं आणि मूल मूलपणीच मरू शकतं. १९७३पर्यंत खाचादुरियन यांनी अशा दुहेरी प्रतीच्या ५२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. पूर्वी हा प्रकार जगात साधारण दहा लाखांत एक मानला जाई, आज अडीच ते साडेतीन लाखांत एक मानला जातो. एका लहानशा देशात ५२ म्हणजे किती, याचा विचार करा.

इथे मला आमच्या लोकांनी हळू आवाजात सांगितलेल्या कारणाकडे परत जावं लागतं, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि ते लपवून चालणार नाही. नात्यातलं लग्न हा दोष जन्माला घालत नाही. पण एकाच आजोबाकडून दोन नातवंडांत लपून आलेल्या दोन प्रती ते एका पाळण्यात आणून ठेवू शकतं. खाचादुरियन यांच्या वॉर्डमधली मुलं याची साक्ष आहेत. नात्यात लग्न ठरवणाऱ्या घरांनी, मग ते आमच्यासारखे चुलत-आते-मावस करणारे असोत की मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगणारी महाराष्ट्रातली अनेक जातींची घरं असोत, घरात कुणी चाळिशीच्या आत छातीच्या दुखण्यानं गेलं असेल तर आधी रक्त तपासायला हवं. हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

मात्र याला एका धर्माचा आजार म्हणणाऱ्यांनी पुढची यादीही वाचावी. लेबनॉनमध्ये सापडलेला जनुकातला नेमका बिघाड डलासच्या प्रयोगशाळेनं १९८७ साली उलगडला आणि त्याला 'लेबनीज' असंच नाव पडलं. १९९१ साली तोच बिघाड इस्रायलमधल्या पाच अरब कुटुंबांत सापडला. ती कुटुंबं ख्रिश्चन होती. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या गोऱ्या आफ्रिकानर लोकांत एका प्रतीचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे. मूठभर स्थलांतरितांनी नेलेला वारसा, पिढ्यान्‌पिढ्या आपापसात फिरलेला. कॅनडाच्या क्वेबेकमधल्या फ्रेंच कॅथलिकांत दुसराच एक बिघाड. लिथुआनियातून पांगलेल्या ज्यूंमध्ये तिसरा, तो चौदाव्या शतकाच्या सुमारास सुरू झाला असावा असा संशोधकांचा अंदाज आहे. १९९२ साली दक्षिण आफ्रिकेतच भारतीय वंशाच्या रुग्णांतला आणखी एक नोंदला गेला. मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेनं २००० साली भारतीय रुग्णांतले दोन बिघाड शोधून प्रसिद्ध केले. जिथे माणसं बेटासारखी राहिली, बेट समुद्रातलं असो की जातीचं, तिथे हे झालं.

खऱ्या बेटाचीही एक गोष्ट आहे. इब्न बतूता ज्या टँजिअरमध्ये जन्मला ते मोरोक्कोतलं शहर. त्याच नावाचं एक छोटं बेट अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्याला आहे. मासेमारी करणाऱ्या थोड्याशा कुटुंबांचं. तिथल्या पाच वर्षांच्या एका मुलाचे टॉन्सिल १९५०च्या दशकाच्या अखेरीस काढले तर ते नारिंगी-पिवळे निघाले. त्याच्या बहिणीचेही तसेच. डोनाल्ड फ्रेडरिकसन या संशोधकानं तपासलं तेव्हा त्या भावंडांच्या रक्तात एचडीएल, ज्याला आपण बोलीत चांगलं कोलेस्टेरॉल म्हणतो, ते जवळजवळ नव्हतंच. मुलांचं कोलेस्टेरॉल बिघडतं म्हणजे दर वेळी वाढतंच असं नाही, हे त्या टॉन्सिलांनी शिकवलं. त्यामागचं जनुक सापडायला मात्र १९९९ साल उजाडलं.

आतापर्यंतची मुलं विरळ आजाराची होती. साध्या, निरोगी दिसणाऱ्या मुलांचं काय? त्याचं उत्तर आधी युद्धानं दिलं. कोरियात मेलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदयं विल्यम एनॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उघडून पाहिली. सरासरी वय २२. त्यांतल्या ७७ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा डोळ्यांना दिसत होत्या. १९५३ साली हे छापून आलं तेव्हा वैद्यकीय जग चमकलं, कारण तोवर हा पन्नाशीचा आजार होता. बाविसाव्या वर्षी जे दिसतं ते सुरू कधी झालं?

लुइझियानातल्या बोगालुसा या लाकूड आणि कागदगिरणीच्या गावात जेराल्ड बेरेन्सन यांनी १९७३ साली हाच प्रश्न घेतला. ते त्याच गावचे. त्यांनी काळ्या आणि गोऱ्या दोन्ही वस्त्यांतल्या शाळकरी मुलांची उंची, वजन, रक्तदाब, रक्त वर्षानुवर्षं मोजलं. त्या मुलांपैकी काही पुढे अपघातात, मारामारीत मेली, तेव्हा त्यांच्या धमन्या तपासल्या आणि लहानपणीच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. १९९८ साली २०४ जणांचा हिशेब आला. दोन ते पंधरा वर्षांच्या गटात जवळपास निम्म्यांच्या हृदयधमन्यांत चरबीच्या रेघा होत्या. ज्यांचं कोलेस्टेरॉल, वजन, रक्तदाब जास्त, त्यांच्यात जास्त. या रेघा म्हणजे आजार नव्हे. बऱ्याच मुलांत त्या तिथेच थांबतात. पण पुढे आजार होतो तो याच रेघांवर चढून.

आता परत चौपटवाल्या मुलांकडे, कारण सगळ्यात मोठं कोडं त्यांनीच सोडवलं. १९६८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत सहा वर्षांची मुलगी आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ दाखल झाले. दोघांना हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले. कोलेस्टेरॉल हजाराच्या आसपास. त्यांना बघणाऱ्या तरुण डॉक्टरांत मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन मित्र होते. असं कसं होतं, हा प्रश्न घेऊन ते डलासला गेले. अशा रुग्णांच्या त्वचेचा लहानसा तुकडा घेऊन त्याच्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या आणि त्यांना कोलेस्टेरॉल दिल्यावर त्या काय करतात ते बघायचं, एवढीच युक्ती.

काय दिसलं ते मी मार्केट यार्डाच्या भाषेत सांगतो. पेशी म्हणजे गोदाम. रक्तातून एलडीएल नावाच्या हातगाड्या माल घेऊन येतात. गोदामाच्या दारावर हमाल उभे असतात, ते गाडी ओळखून आत ओढतात. माल पुरेसा आला की आतला कारखाना आपलं उत्पादन थांबवतो. या मुलांच्या पेशींना हमालच नव्हते. गाड्या रस्त्यावर तुंबत आणि आत माल येत नाही असं समजून कारखाना रात्रंदिवस चालू. एका प्रतीच्या माणसांत हमाल निम्मे. तुंबलेला माल मग धमनीच्या भिंतीत साठतो, आणि टाचेच्या मागे. हे हमाल, म्हणजे एलडीएलचे ग्राहक रेणू, ब्राउन आणि गोल्डस्टीन यांनी १९७४ साली दाखवले. १९८५ साली त्यांना नोबेल मिळालं. ज्या मुलांच्या कातडीनं हे शिकवलं त्यांतली किती तोवर जिवंत होती, असा प्रश्न मला ते वाचताना पडला.

कारण उपचार फार नव्हते. १९७३ साली थॉमस स्टार्झल यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या यकृताकडे जाणारी रक्तवाहिनीच दुसरीकडे वळवून पाहिली. लंडनमध्ये १९७५च्या सुमारास गिल्बर्ट थॉम्पसन रुग्णांचं रक्तद्रव बदलू लागले, म्हणजे गाड्या थेट बाहेर काढून टाकायच्या. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी पिट्सबर्गमध्ये स्टार्झल यांच्याच चमूनं टेक्सासच्या सहा वर्षांच्या स्टॉर्मी जोन्सला नवं हृदय आणि नवं यकृत एकाच वेळी बसवलं. जगात प्रथमच. नव्या यकृतावर हमाल होते. अकराशेच्या घरातलं कोलेस्टेरॉल तीनशेच्या आसपास उतरलं. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी तिला लाडकी करून टाकली. ती शाळेत गेली. १९९० साली, तेराव्या वर्षी, ती वारली.

दरम्यान जपानमध्ये अकिरा एंदो हजारो बुरशा तपासत होते. कोलेस्टेरॉलचा कारखाना थांबवणारं काहीतरी एखादी बुरशी नक्की बनवत असेल असा त्यांचा हिशेब. ते सापडलं क्योतोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या हिरव्या बुरशीत, १९७३ साली. आज घराघरांत, आजोबांच्या गोळ्यांच्या डबीत असलेल्या स्टॅटिनचं ते मूळ. ते माणसावर सुरुवातीला वापरलं गेलं १९७८ साली ओसाकात, अकिरा यामामोतो यांच्याकडच्या अठरा वर्षांच्या मुलीवर. दुहेरी प्रतीची रुग्ण. तिचे स्नायू अशक्त झाले, मात्रा कमी करावी लागली. गंमत म्हणा की क्रूरपणा, हे औषध दारावर हमाल वाढवून काम करतं. ज्यांना हमालच नाहीत त्यांना ते सगळ्यात कमी उपयोगी. म्हणजे या मुलांनी दिलेल्या ज्ञानाचा फायदा दुपटीच्या ढिगातल्यांना झाला आणि साध्या वाढलेल्या कोलेस्टेरॉलच्या लाखो प्रौढांना. स्वतः त्या मुलांसाठी खरा उपाय यायला आणखी तीस-चाळीस वर्षं लागली. त्यातल्या एका वाटेची सुरुवात पुन्हा बैरुतशी जोडलेली आहे. २००३ साली फ्रेंच कुटुंबांत पीसीएसके९ हे नवं जनुक शोधणाऱ्या चमूत बैरुतच्या सेंट जोसेफ विद्यापीठाच्या मारियान अबिफादेल होत्या. आजची महागडी कोलेस्टेरॉलची इंजेक्शनं त्या शोधातून निघाली.

एका प्रतीच्या मुलांना स्टॅटिन द्यावं का, यावर बराच काळ डॉक्टरांचे हात आखडलेले होते. वाढत्या वयाला, वयात येण्याला धक्का बसेल ही भीती. ॲमस्टरडॅममध्ये २१४ मुलांचा वीस वर्षं पाठपुरावा केला गेला आणि २०१९ साली निकाल आला. वयाच्या ३९व्या वर्षापर्यंत या मुलांपैकी एक टक्क्याला हृदयरोगाचा फटका बसला. हाच आजार असलेल्या त्यांच्या आईबापांत, ज्यांना बालपणी औषध मिळालं नव्हतं, तोच आकडा त्याच वयात २६ टक्के होता. ७ टक्के मेले होते. मुलांत एकही नाही. माझे दुल्हेभाई त्या २६ आणि ७च्या रांगेतले.

मग सगळ्याच मुलांचं रक्त तपासावं का? स्लोव्हेनिया हा छोटा देश १९९५पासून पाच वर्षांच्या मुलांची तपासणी करतो. अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीनं २०११ साली नऊ ते अकरा आणि पुन्हा सतरा ते एकवीस या वयांत सर्वांनी तपासावं असं सांगितलं, तर त्याच देशातल्या दुसऱ्या समितीनं २०२३ साली पुरावा अपुरा आहे म्हणून हात वर केले. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०२४ साली पहिली तपासणी अठराव्या वर्षी आणि घरात लवकरचा हृदयविकार असेल तर त्याआधी, असं सुचवलं. मला हे शेवटचं पटतं. आपल्याकडे सगळ्या शाळांतून सुया टोचत फिरण्यापेक्षा घरातला मृत्यू नीट विचारणं स्वस्त आहे. एका प्रतीचं जागतिक प्रमाण अडीचशे ते तीनशे माणसांत एक असं आज मानतात. तेच आपल्याला लावलं तर भारतात चाळीस लाखांहून जास्त माणसं होतात. त्यांतल्या किती जणांच्या टाचेकडे कुणी पाहिलं आहे?

अर्थात मुलाचा प्रत्येक वाढलेला आकडा घराण्याचा नसतो. थायरॉईड मंद असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, वजन फार असेल तरी तो वाढतो. आणि आपल्या देशातल्या सर्वसाधारण मुलांचं दुखणं वेगळंच दिसतं. २०१६ ते २०१८च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वयोगटात एकूण कोलेस्टेरॉल जास्त असलेली मुलं फक्त ३ टक्के होती, पण ट्रायग्लिसराइड जास्त असलेली ३४ टक्के, आणि साधारण चौथ्या हिश्श्याच्या मुलांत एचडीएल कमी. तेही अशा देशात जिथे त्याच सर्वेक्षणात खुजी, अशक्त मुलंही सापडली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजून दाखवलं होतं की सरासरी २.७ किलोचं आपलं बाळ ३.५ किलोच्या इंग्रज बाळापेक्षा बारीक असूनही त्याच्या कातडीखाली चरबी मात्र जपून ठेवलेली असते. बारीक दिसणारं पोर आतून बारीक असेलच असं नाही. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. तिथे ताटाचा, बिस्किटांच्या पुड्यांचा आणि गेलेल्या मैदानांचा हिशेब मांडावाच लागेल.

भाच्याचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. एकूण ३०२, एलडीएल २३१. त्याच्या वयाला एकूण १७०च्या आत आणि एलडीएल ११०च्या आत असावं लागतं. एक प्रत, बापाकडची. आपाचा रिपोर्ट चांगला निघाला, म्हणजे तिच्याकडून दुसरी प्रत येण्याचा प्रश्न नव्हता. आपा रिपोर्ट हातात धरून रडली. मला आधी वाटलं पोराच्या आकड्यामुळे. नंतर म्हणाली, "सगळे म्हणत होते, तुझ्या हातच्या जेवणानं गेला." पोराचं औषध सुरू करायचं ते डॉक्टरांनी दहाव्या वर्षावर ठेवलं आहे, तोवर खाणं आणि खेळ. घराघरांतल्या आते-मामे-चुलत भावंडांची यादी मी लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केली. अकरा नावं. चौघांनी रक्त दिलं. दोघे म्हणाले, पोरींची लग्नं व्हायची आहेत, असलं काही कागदावर नको. बाकीचे बघू म्हणाले.

माझं स्वतःचं तपासायला मी दोन महिने लावले. आमचे अब्बा एकावन्नाव्या वर्षी गेले, तेव्हा 'अटॅक' एवढा एकच शब्द घरात आला होता आणि त्यापुढे कुणी काही विचारलं नव्हतं. फुफी आणि अब्बा सख्खे भाऊ-बहीण. हिशेब सरळ होता, म्हणूनच टाळत होतो. गेल्या मंगळवारी रिपोर्ट हातात आला. एलडीएल २०६.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. शनिवारी सकाळी तिला उपाशीपोटी त्याच काउंटरवर न्यायचं आहे.